सूर्यनमस्कार, प्लँक, पिलाटिस की मल्लखांब? कंबर सांभाळायला कोणाला काय पुरतं

गेल्या श्रावणात माझ्या कमरेत उसण भरली. बारा किलोचा दळणाचा डबा गिरणीतून आणून ओट्याखाली ठेवला तेव्हा काहीच झालं नव्हतं. झालं ते नंतर, घरंगळत गेलेलं झाकण उचलायला वाकले तेव्हा. पुढचे चार दिवस पलंगावरून उठणं म्हणजे आधी कुशीवर, मग कोपरावर, मग "आई गं" असा तीन टप्प्यांचा कार्यक्रम होता.

पाचव्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लग्न होऊन आलीस तेव्हा रोज बारा नमस्कार घालायचीस. सोडलेस ना? मग असंच होणार." भाचा म्हणाला, "मामी, दोन मिनिटं प्लँक. बास." ऑफिसातली मैत्रीण पिलाटिसच्या स्टुडिओचं कार्ड देऊन गेली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र चटईवरचे तीन व्यायाम दाखवले आणि दोन महिने दुसरं काही करू नका म्हणून बजावलं. घरात माझ्याशिवाय आणखी दोन कमरा आहेत: चौदा वर्षांची लेक, जी शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते, आणि त्र्याहत्तरीच्या सासूबाई. मग जवळजवळ आठ महिने हे सगळे प्रकार आमच्या घरात या ना त्या अंगावर करून पाहिले गेले. तुम्ही याच चौकात उभे असाल तर माझा हिशेब असा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. हे सगळे व्यायाम मुळात धडाच्या गाभ्याचे, म्हणजे ज्याला कोअर म्हणतात त्याचे. कोअर म्हटलं की लोक पोटाच्या पुढच्या पट्टीवर हात ठेवतात. ती पट्टी म्हणजे फार तर डब्याची एक बाजू. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढून आणि बाजूंनी पोटाचे थर, मागे मणक्यामणक्याला बिलगलेले बारीक स्नायू, असा तो सगळीकडून बंद डबा आहे. स्नायू काढून घेतलेला कमरेचा नुसता कणा प्रयोगशाळेत सुमारे ९ किलोच्या भाराखालीच बाक येऊन कोलमडतो. जिवंत माणसात त्याच कण्यावर अख्खं धड आणि वर दळणाचा डबा असतो, तरी तो उभा राहतो. मांडवाच्या खांबाला चहूकडून दोऱ्यांचे ताण दिलेले असतात, तसंच काम हे स्नायू करतात. एकाच बाजूची दोरी आवळली तर खांब तिकडेच झुकणार, हे मांडववाल्याला सांगावं लागत नाही. पोटाच्या बैठका मारणाऱ्याला सांगावं लागतं.

म्हणजे या डब्याचं मुख्य काम वाकणं नाही, नको तेव्हा वाकू न देणं आहे. हात-पाय हलत असताना कणा जागेवर ठेवायचा. झाकण उचलताना माझा तो ठेवला गेला नाही. जड डबा उचलताना शरीर सावध असतं, हलक्या झाकणाला कोण सावध होतं?

आता संशोधनाचं थोडक्यात, कारण स्टुडिओवाले त्याची फार छापील फुलं उधळतात. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या संशोधकांनी दाखवलं, की कंबरदुखीच्या रुग्णांत पोटाचा सर्वांत आतला थर हात हलवताना उशिरा जागा होतो. "बेंबी आत ओढा" ही सूचना जगभर पसरली ती त्यानंतर. पण पुढे जुन्या कंबरदुखीसाठी या खास व्यायामांची इतर व्यायामांशी तुलना झाली, तेव्हा २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी ही संस्था) दोन्हींत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात नियमित व्यायामाने कंबरदुखी उद्भवण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. व्यायामाच्या जोडीला उठण्या-बसण्याचं शिक्षण असेल तर ४५ टक्क्यांनी. कमरेचे पट्टे आणि बुटातल्या गाद्या यांनी काहीच कमी झालं नाही. माझा पट्टा आता माळ्यावर आहे.

यातून मी घेतलेला अर्थ असा: एकच पद्धत जादूची असती तर एव्हाना कळलं असतं. निवड करायची ती आपलं वय, आपली हाडं, आपला वेळ आणि चुकलं तर सांगणारं कोणी आहे का, यावरून.

सूर्यनमस्कार

हा आपल्या घरचा व्यायाम, म्हणून सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शाळाशाळांत नेला. आजही रथसप्तमीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर १०८ घालणारे असतात आणि दुसऱ्या दिवशी जिना आडव्या पायांनी उतरणारेही तेच असतात.

फायदे उघड आहेत. चटईएवढी जागा, शून्य खर्च, दहा मिनिटांत अंग गरम. दोन्ही हातांवर शरीर फळीसारखं तोलायची जी अवस्था आहे ती म्हणजे प्लँकच. तिथे घाई न करता तीन श्वास थांबलात तर कोअरचं खरं काम तिथे होतं. बहुतेक जण नेमकी तीच अवस्था अर्ध्या सेकंदात उरकून साष्टांगात आदळतात. मीही तेच करायचे.

पण दोन उणिवा आहेत आणि त्या श्रद्धेने भरून निघत नाहीत. पहिली म्हणजे सगळी हालचाल पुढे आणि मागे. बाजूला झुकण्याविरुद्ध किंवा पिळण्याविरुद्ध कण्याला धरून ठेवायची वेळच येत नाही. रोजच्या जगण्यात मात्र एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात लेकराचं दप्तर, असं एकांगी ओझंच जास्त असतं. मांडवाच्या दोन बाजूंच्या दोऱ्या सैलच राहतात.

दुसरी उणीव वेळेची. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर पूर्ण वाकण्याचा ताण जास्त पडतो. १९९८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या लोकांना पहाटेच्या वेळी कमरेतून वाकणं टाळायला सांगितलं, तेवढ्यानेही त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणजे ज्यांची कंबर ठणठणीत आहे त्यांनी पहाटे खुशाल घालावेत. ज्यांची एकदा धरली आहे त्यांनी उठल्यावर तासभर जाऊ द्यावा, आणि हस्तपादासनात गुडघे थोडे वाकवून कमरेतून नाही तर खुब्यातून वाकावं. हा बदल केल्यापासून माझे नमस्कार परत सुरू झालेत, संध्याकाळी, सहा. बारा नाही.

खरा पेच सासूबाईंचा झाला. घरात नमस्कारांवर सर्वांत जास्त विश्वास त्यांचा, आणि हाडांच्या तपासणीत हाडं ठिसूळ निघाली ती त्यांचीच. ठिसूळ हाडांवर ओणवं वाकण्याचे व्यायाम महाग पडू शकतात. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका लहानशा अभ्यासात अशा बायकांचे गट केले होते. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना नंतर मणका दबण्याचा त्रास झाला, पुढे वाकणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, जुना आहे, पण आकड्यांतली दरी बघून मी घाबरले. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "साठ वर्षं घालतेय, आता सूर्याला काय सांगू?" तडजोड अशी निघाली की ओट्याच्या कडेवर हात टेकून मागे सरकत तिरकं पर्वतासन, आणि भिंतीला हात लावून उभ्यानेच छाती वर उचलायची. मंत्र तेच. पूर्ण वाकणं बंद.

प्लँक, आणि त्याहून बरे तीन व्यायाम

भाच्याच्या दोन मिनिटांच्या प्लँकबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. प्लँक वाईट नाही. अमेरिकन सैन्याने २०२२ पासून आपल्या चाचणीत पोटासाठी तोच ठेवला आहे. वाईट आहे ती घड्याळाची स्पर्धा. याचा जागतिक विक्रम नऊ तासांच्या पुढे गेला आहे, त्याचा तुमच्या-माझ्या कमरेशी काय संबंध? पाऊण मिनिटानंतर बहुतेकांची कंबर झोळीसारखी खाली येते, श्वास कोंडतो आणि उरलेला वेळ आपण चुकीची सवय पक्की करत राहतो. भाच्याचा व्हिडिओ काढून त्यालाच दाखवला, तेव्हा कुठे पटलं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्याच्या यांत्रिकीवर आयुष्यभर काम केलं. त्यांचे तीन व्यायाम आता फिजिओंच्या तोंडी झाले आहेत, माझ्या ताईंनी दाखवले तेही हेच. पहिला: पाठीवर पडून एक गुडघा उभा, दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे, कंबर न हलवता. दुसरा: कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर (पुढे जमलं तर पावलांवर) शरीर तिरकं तोलायचं. तिसरा: रांगत्या बाळासारखं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. प्रत्येक धारणा दहा सेकंदांची, मग सोडायचं, मग परत. पाच, मग तीन, मग एक अशा उतरत्या फेऱ्या. दमेपर्यंत नाही.

तिसऱ्या व्यायामात ताईंनी माझ्या कमरेवर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी ठेवली. मला वाटत होतं मी अगदी स्थिर आहे. पाय मागे जायच्या आतच वाटी उजवीकडे कलंडली आणि गार पाणी बरगडीवरून चटईवर. दुसऱ्या बाजूने केलं तर थेंब सांडला नाही. माझी उजवी बाजू ढिली आहे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी एका वाटीने सांगितलं. घरी मी अजून तसंच करते, फक्त वाटीत पाण्याऐवजी चार बदाम ठेवते. सांडले तर खायचे नाहीत, असा लेकीचा नियम आहे.

खर्च शून्य, वेळ बारा मिनिटं, पुढून, मागून आणि बाजूने तिन्हीकडून काम. तोटा म्हणजे कंटाळा, भयंकर कंटाळा. आणि दीड-दोन महिन्यांनंतर शरीराला ते सोपं जाऊ लागतं, पुढे काय करायचं हे चटई सांगत नाही. त्यावर ताईंचा उपाय बादली. अर्धी भरलेली बादली एका हातात घेऊन, त्या बाजूला न झुकता, बाल्कनीत वीस पावलं जायचं, मग हात बदलायचा. आठवड्याला तांब्याभर पाणी वाढवायचं. जिमला जाणारे हेच डंबेल घेऊन करतात. कडेवर कळशी घेऊन चालणाऱ्या आपल्या आज्या हे रोज करायच्या असं कोणी म्हणालं की मला गहिवर येत नाही. त्या एकाच कडेवर घ्यायच्या, वर्षानुवर्षं, आणि कंबर त्यांचीही दुखायची.

चाळिशीच्या आसपासच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि एकदा तरी उसण भरलेल्या माणसासाठी माझं मत या तीन व्यायामांना आणि बादलीला.

पिलाटिस

या व्यायामाला ज्याचं नाव आहे तो जोसेफ पिलाटिस मूळ जर्मन गृहस्थ. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांच्या छावणीत नजरकैदेत होता, पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्याने व्यायामशाळा काढली. त्याची ती स्प्रिंगांची सरकती खाट आता पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत काचेआड दिसते. मी दहा वर्गांचं पॅकेज घेतलं होतं.

खाट भारी आहे. स्प्रिंग घट्ट केली तर जोर लागतो, सैल केली तर तोल सांभाळावा लागतो, आणि शरीर खोटं बोलू शकत नाही कारण चाकं लगेच खडखडतात. पहिले तीन वर्ग शिक्षिका एकटीवर लक्ष ठेवून होती, तेव्हा मी जेवढं शिकले तेवढं वर्षभर यूट्यूब बघून शिकले नसते. चौथ्या वर्गापासून आम्ही नऊ जणी झालो. मग तिचं लक्ष आमच्या कमरांऐवजी गाण्याच्या ठेक्यावर जास्त, आणि माझी कंबर परत झोळीसारखी.

२०१५ च्या कॉक्रेन आढाव्याचं म्हणणं असं, की कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा पिलाटिस बरं. इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. पैसे मात्र नक्कीच सरस घेतात. स्वतःच्या शरीराची जाण अगदीच नसेल, किंवा बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील आणि सांभाळून सुरुवात करायची असेल, तर जाणत्या शिक्षिकेकडे एकटीने पाच-सहा वर्ग घ्या. नजर विकत घ्या, खाट नको.

मल्लखांब, आणि मैदानावरची वीस मिनिटं

लेकीसाठी निर्णय सोपा होता, कारण चौदाव्या वर्षी चटईवर दहा सेकंद मोजत पडून राहणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला पुन्हा उभं केलं, ती परंपरा महाराष्ट्रात गल्लोगल्लीच्या व्यायामशाळांनी टिकवली. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात आंधळी मुलंही मल्लखांब शिकली आहेत. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आमच्या भागातल्या व्यायामशाळेत मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतात. पहिल्या आठवड्यात लेक अढी शिकली: दोरीला हाताने लटकून, पाय वर नेऊन, मांड्यांच्या पकडीत दोरी घेऊन उलटं टांगायचं आणि मग हात सोडायचे. खालून बघताना माझ्याच पोटात गोळा. पण पाय वर नेतानाचा तो क्षण बघा. पोट, पाठ, कूस एकदम आवळली नाही तर अंग लंबकासारखं झुलतं आणि पाय वर जातच नाहीत. कोअर म्हणजे काय हे तिला कोणी समजावलं नाही, दोरीने समजावलं. पुरलेल्या, एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावरचे मुलगे हेच वेगळ्या तऱ्हेने शिकतात.

धोके आहेत. मांड्यांना चरे पडतात, तळव्यांची साल निघते. खाली गादी आणि शेजारी उस्ताद नसेल तर पाऊल ठेवू नये. चाळिशीत नव्याने सुरू करायचा हा प्रकार नाही, निदान उसण भरलेल्या बाईने तरी नाही. मी विचारलं होतं. लेकीच्या व्यायामशाळेतले सर हसले, तेवढं पुरलं.

मूल मैदानी खेळ खेळत असेल तर फिफाचा "अकरा प्लस" नावाचा वीस मिनिटांचा सराव बघाच. धावणं, मग प्लँक, कुशीचा प्लँक, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, एका पायावर तोल, उड्या, पुन्हा धावणं. चेंडूशिवाय काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर याची चाचणी झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. हा सराव करणाऱ्या संघांत एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता आणि गंभीर दुखापतींचा जवळपास निम्मा. लक्षात घ्या, यात कोअर एकटा नाही, गुडघा आणि तोलही आहे. लेकीच्या प्रशिक्षकांना कागद छापून दिला. ते आठवड्यातून दोनदा घेतात, उरलेल्या दिवशी मैदानाला दोन फेऱ्या मारून थेट सामना.

एक इशारा शेजारच्या मुलाच्या आईसाठी. तो वेगवान गोलंदाजी करतो आणि ती मला विचारत होती की प्लँकने पाठ वाचेल ना. कोअर भक्कम असणं चांगलंच, पण वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला तडा जातो तो मुख्यतः टाकलेल्या चेंडूंच्या संख्येने. बुमराहसारख्या तयार शरीराच्या गोलंदाजालाही २०१९ मध्ये तो त्रास झाला आणि २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मुलाची षटकं मोजा. शाळा, क्लब आणि गल्ली, तिन्हीकडची मिळून.

सत्तरीनंतर, ओट्यापाशी

सासूबाईंची गोष्ट नमस्कारांवर संपली नाही. त्यांना कंबरदुखीची नाही, पडण्याची भीती आहे. आणि पडणं हे जमिनीवर झोपून केलेल्या व्यायामाने थांबत नाही, उभं राहून तोल सांभाळायला शिकल्याने थांबतं. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांहून जास्त वृद्ध होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि तोल व ताकद दोन्हींचे व्यायाम एकत्र केले तिथे आणखी जास्त. नुसतं चालणं पुरतं याला तिथे भक्कम आधार सापडला नाही. रोज बागेत चार फेऱ्या मारून निश्चिंत असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम तयार झाला आहे. आठवड्यात तीन दिवस, अर्धा तास: ओटा धरून टाचा उचलणं, अर्धी बैठक, बाजूला पाय उचलणं, पावलाला पाऊल जोडून चालणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. मुळातल्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं होतं. यातल्या प्रत्येक हालचालीत धड सरळ ठेवावं लागतं, म्हणजे कोअर आपोआप येतोच. ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) किंवा योगाचे उभ्याचे प्रकारही चालतात, शिकवणारं जवळ असेल तर. आमच्याकडे सासूबाई दूध तापेपर्यंत एका पायावर उभ्या राहतात, बोटं ओट्याच्या कडेला. सुरुवातीला चार सेकंद, आता उजव्या पायावर अकरा, डाव्यावर सात. डाव्याबद्दल त्यांची तक्रार अशी की तो "पहिल्यापासूनच आळशी".

पायात मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवर ताबा नसणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी यांपैकी काहीही असेल तर हा सगळा आढावा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा.

पिलाटिसच्या पॅकेजमधले चार वर्ग माझे अजून शिल्लक आहेत. गेल्या आठवड्यात नणंदेची कंबर धरली, तिला देऊन टाकले. जाताना एकच प्रश्न विचारायला सांगितलाय: एका वर्गात किती जणी?